सात की दहा

“सात ठेवू का दहा घेऊ?” आप्पासाहेबांनी विचारलं.

सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कितीतरी दिवस एकच पाटी पुन्हा पुन्हा येत होती. विंडोज दहा फुकट घ्या. चेअरमन आप्पासाहेब तिला वैतागले होते. सी विंगमधली मोनिका क्रांती चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, म्हणून त्यांनी तिला बोलावून घेतलं. जसं काही दोघांत कधी काही घडलंच नव्हतं.

मोनिका खुर्चीत बसली. सोसायटीचा कारकून कचरू शेजारी उभा होता. कुठला टँकर कधी आला आणि कुठे रिकामा झाला, हे तो रोज याच कॉम्प्युटरवरच्या रजिस्टरात लिहायचा. ते रजिस्टर फार जुनं होतं. आधीच्या विंडोज सातवर कसंबसं चालायचं. दहावर ते उघडणारच नाही, हे मोनिकाला बघताक्षणी कळलं.

तिनं रजिस्टर बंद केलं.

साल दोन हजार सोळा होतं. पाऊस रुसून बसला होता, आणि बायपासच्या पलीकडे बिल्डिंगा मात्र उगवत होत्या. अख्खी सोसायटी टँकरवर जगत होती. एप्रिलमध्ये सी विंगचा टँकर लागोपाठ तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी मोनिकाची आई साळूबाई भरली घागर घेऊन तिसरा मजला चढताना जिन्यात पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही.

मोनिका जाब विचारायला गेली होती. तेव्हा चार माणसांसमोर आप्पासाहेब म्हणाले होते, “आईला पाणी जपून वापरायला शिकव आधी.”

आईची कूस बदलताना, तिचं अंग पुसताना, मोनिकाला ते वाक्य रोज ऐकू येई. टँकर चुकला त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडे आप्पासाहेबांच्या नव्या बिल्डिंगचा स्लॅब टाकला होता आणि त्यावर दिवसभर पाणी मारलं जात होतं. सगळ्यांनी ते पाहिलं होतं. तोंड कुणीच उघडत नव्हतं. शेवटी मोनिकानं दारोदार फिरून बावीस सह्या गोळा केल्या. आता येत्या रविवारी सभा ठरली होती. विषय एकच होता : टँकरचं रजिस्टर सर्वांसमोर वाचावं.

“सांग की, पोरी,” आप्पासाहेब म्हणाले.

“दहा घ्या.”

“नक्की?”

“लई चांगलंय. आमच्या दुकानात सगळ्यांना तेच टाकून देते.”

तिनं स्वतःच्या हातानं बटण दाबलं आणि काम पुरं होईपर्यंत तिथंच बसून राहिली. घरी आल्यावर आईनं विचारलं, “कुठं होतीस इतका वेळ?”

“आप्पासाहेबांचं काम करून आले.”

साळूबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून कचरूला रजिस्टर उघडेना. तो वहीत लिहू लागला. आप्पासाहेबांनी ना आरडाओरड केली, ना कुणाला दुरुस्तीला बोलावलं. उलट जिन्यात मोनिका दिसली की ते हसून विचारू लागले, “काय, बरंय ना?”

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. कॉम्प्युटर बाहेर आणून टेबलावर ठेवला होता. आप्पासाहेबांनी सर्वांदेखत कचरूला रजिस्टर उघडायला लावलं. ते उघडलं नाही.

“आता मी काय करू, सांगा!” त्यांनी हात पसरले. “नवीन विंडोज घेतलं आन् जुनं रजिस्टर गेलं. घ्या म्हणून सांगितलं कुणी? ह्या मोनिकानंच. विचारा तिला.”

सगळ्या माना वळल्या. सही करायला सगळ्यांत आधी पुढे आलेल्या केसरबाई पुटपुटल्या, “अगं, तू?”

“व्हय. मीच,” मोनिका म्हणाली आणि उठून कॉम्प्युटरजवळ गेली. “पण नवीन पसंत नाय पडलं, तर महिन्याच्या आत परत जुन्यावर जाता येतं. सगळं होतं तसं.”

तिनं बटण दाबलं. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. सभा पुढं ढकलू, असं ते दोनदा म्हणाले. कुणी उठलं नाही. अर्ध्या तासानं पडद्यावर सात आलं. मोनिकानं रजिस्टर उघडलं, एप्रिलचं पान काढलं आणि कचरूला म्हणाली, “वाचा, कचरूभाऊ. तुमचंच अक्षर समजा.”

कचरूनं आप्पासाहेबांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आणि तो वाचू लागला.

“सी विंगचा टँकर. रिकामा केला, आप्पासाहेबांचा स्लॅब.” तो थांबला. “दुसरा दिवस. सी विंगचा टँकर. आप्पासाहेबांचा स्लॅब.”

तिसरी ओळ वाचेपर्यंत लोक खुर्च्यांवरून उठले होते. केसरबाई सगळ्यांत पुढं होत्या. आप्पासाहेब गर्दीतून ओरडले, “फसवलंस तू मला! दहा घ्या म्हणून तूच सांगितलंस!”

मोनिका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“सात राहिलं असतं, तर आठ दिवसांत ह्या तीन ओळी तुम्ही ठेवल्या असत्या का?”