शेपटावरची फीत

"ही बाहुली इथून हलव," मिस्त्री म्हणाला. "कामाच्या जागी खेळणी नकोत."

तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईनं चिंध्या भरून शिवलेली ती बाहुली, कमरेचा पट्टा विटून मातकट झालेला. बाबांचं विमान कोसळलं त्या सकाळीही ती तिच्या काखेत होती. विमानातल्या बाबांच्या खुर्चीत आता ही बाहुलीच बसेल, असं तिनं ठरवलं होतं. मिस्त्री रोज बाहुलीवर फडकं टाकायचा. ती रोज काढायची.

भंगारातून त्याच विमानाचा सांगाडा सोडवून आणला तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. पंखांच्या लाकडी फासळ्या नव्यानं घडवल्या, वर कापड ताणून शिवलं, रोगणाचे हात दिले. या जातीच्या विमानाची नस ओळखणारा एकच माणूस उरला होता, हा मिस्त्री, आणि तिला तोच हवा होता. विमानासाठी नव्हे.

उभ्या विमानाचं सुकाणू वाऱ्यानं आपटू नये म्हणून शेपटात लाकडी खुंटी अडकवतात. खुंटीला लाल फीत बांधायची, म्हणजे ती काढायची राहिली तर वैमानिकाला दुरूनही दिसते. बाबांना दिसली नाही. ते खुंटीसकट उडाले. चौकशीत खुंटी सापडली, फीत नाही. फीत बांधणं मिस्त्रीचं काम. त्यानं अवाक्षर काढलं नाही. परवाना गेला, पुढं जन्मभर सायकलींची पंक्चरं काढली.

लहानपणी ती त्याला मिस्त्रीकाका म्हणायची. बाबांच्या मागंमागं शेडभर फिरायची, विमानाखाली बसून खेळायची. "साहेब, तुमच्या विमानाला एक शेपूट जादा आहे," तो म्हणायचा. तेच तिचं नाव पडलं. आता ती त्याला नुसतं मिस्त्री म्हणे. तो तिला कुठल्याच नावानं हाक मारत नसे.

काम संपलं त्या दुपारी त्यानं शेपटात नवी खुंटी बसवली. जाड लाल कापडाची फीत, टोकाला पितळी कडी. कडीतून सुतळी ओवून त्यानं ती खुंटीला बांधली. गाठ ओढून पाहिली. पुन्हा ओढली.

"त्या दिवशी बांधली होती?" तिनं विचारलं.

तो हात पुसत राहिला.

"आई हेच विचारत गेली, मिस्त्री. निदान मला तरी सांगा."

त्यानं वैमानिकाच्या खुर्चीकडे पाहिलं. मग खाली.

"नाही बांधली. विसरलो."

हेच ऐकायला तिनं एवढा खटाटोप केला होता. उद्यापासून येऊ नका, इतकंच ती म्हणाली. त्यानं मान हलवली. दारापाशी मात्र थांबला.

"ती बाहुली टाकून दे आता, शेपूट."

त्या हाकेनं तिच्या अंगाची लाही झाली. सायकलीचा खडखडाट दूर गेल्यावर तिनं बाहुली खाली काढली. धुळीनं माखली होती. धुवावी म्हणून कमरेचा पट्टा सोडायला घेतला. लहान मुलं मारतात तशी, एकावर एक गाठ. नखांनी ओढून ओढून सुटली. गाठीच्या आतलं कापड अजून लालभडक होतं. झग्यात खोचलेलं टोक तिनं बाहेर ओढलं. त्याला पितळी कडी होती.