टँकरवरचा फोटो

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या दुष्काळात साखर कारखान्याचे चेअरमन सुंदरराव आमच्या गावाला पाण्याचा टँकर घेऊन आले. टँकरवर हात जोडलेला त्यांचाच मोठा फोटो चिकटवला होता.

माझी बायको सारजा म्हणाली, "सायेब, पाण्याला फवारणीच्या औषधाचा वास येतोय."

सुंदरराव खेकसले, "फुकटात मिळतंय अन् नखरे लई! पी आधी, माझ्यासमोर पी."

ती तांब्याभर प्याली आणि तिथंच ओकत पडली. मी रागानं तो फोटो टराटरा फाडला.


खाली कवटी आणि दोन हाडं होती. माझ्यासारख्या वाचता न येणाऱ्यालाही विष ओळखता यावं, म्हणून जगभर विषारी औषधं वाहणाऱ्या टँकरवर ती काढतात.

सारजा त्याच दिवशी, चैत्र पौर्णिमेला वारली.