अस्वलावर पांघरूण

माझा भाचा डॅरिल टीव्हीवरच्या कुस्तीत ‘अस्वल’ म्हणून लढतो, आणि यंदा तो आमच्या गावाचा महापौर व्हायला उभा होता. चर्चच्या हॉलमधल्या मतदान केंद्राची प्रमुख मी, गेली बावीस वर्षं. मावशीने भाच्याची बाजू घेतली असं कुणी म्हटलं असतं, तर माझी इज्जत गेली असती.

सकाळीच आमचा शेजारी लॉयल, डॅरिलचं ‘अस्वल’ छापलेला टी-शर्ट घालून हजर.

“उमेदवाराचं चित्र घालून आत यायचं नाही. काढ ते.”

“अहो आर्डिसबाई, खाली नुसतं पोट आहे माझं!”

“ते बघायची हौस नाही मला. हे घे.” चर्चच्या स्वयंपाकघरातला एप्रन मी त्याच्या गळ्यात अडकवला.

मग अस्वलवाला आला की एप्रन, अस्वलवाला आला की एप्रन. दुपारपर्यंत एकही अस्वल कुणाच्या नजरेस पडू दिलं नाही मी!



तीन वाजता विरोधी उमेदवाराची बायको लॉर्ना तणतणत आत आली, “आर्डिस, बाहेर रांगेत साठ माणसं घरूनच एप्रन बांधून उभी आहेत! हा उघड प्रचार आहे, आणि तोही तू सुरू केलेला!”