दोन दिवसांचा शिधा

भिंगवाल्याने ट्रॉलीत सूपचं पाकीट टाकलं. मास्तरांनी ते दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तसं उचललं आणि परत फळीवर ठेवलं.

"तंबूत काय आजारी माणसं झोपणार आहेत?"

"नाही काका, गरम काहीतरी असावं म्हणून..."

मास्तर ऐकायला थांबलेच नाहीत. भिंगवाला हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पोरगा चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा. दिवसभर 'हे दिसतंय का, आता दिसतंय का' विचारत बसायचं, हा काय धंदा झाला? पण मुलीच्या मनात नेमका हाच भरला होता, तेव्हा त्याची परीक्षा घेणं आलंच.

मास्तर म्हणजे कवायतीचे मास्तर. उभी हयात शाळेची पोरं रानात शिबिराला नेण्यात गेलेली. माणूस ओळखायचा तर त्याला कॅम्पसाठी दोन दिवसांचा शिधा निवडायला लावावा, असं त्यांचं ठाम मत होतं. पाठीवरून वाहून न्यायचा, तीन दगडांवर शिजवायचा. आळशी, चैनी, उतावळा, सगळे तिथेच उघडे पडतात. मुलीला सांगून आलेल्या आधीच्या दोन स्थळांचा निकाल त्यांनी याच दुकानात लावला होता. एकाने केक घेतला. दुसऱ्याने काचेच्या बरणीतला मध घेतला. रानात काचेची बरणी! मास्तर अजूनही ते आठवून नाक मुरडत.

या खेपेला चुकून चालणार नव्हतं. मास्तर निवृत्त झाले होते आणि शाळेने क्वार्टर रिकामं करायला सांगितलं होतं. गुडघे बोलायला लागले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न करून जिथे जाईल तिथेच आपलीही खाट पडणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यात मुलीला काय विचारायचं? पण म्हणजे या प्राण्याचं तोंड रोज सकाळी बघावं लागणार होतं.

"बाबा, आज त्याच्याशी जरा नीट वागा," असं मुलगी निघताना म्हणाली होती. नेहमीचंच.

आणि मास्तर त्यांच्या मते नीटच वागत होते. भिंगवाल्याने अंडी घेतली, ती फुटणार म्हणून परत गेली. ब्रेड चेपणार म्हणून परत गेला. बटाटे मात्र त्याने चांगले घेतले होते, घट्ट आणि एकसारखे. मास्तरांनी ते पुन्हा ढिगात ओतले आणि हुबेहूब तसलेच स्वतःच्या हाताने निवडून घेतले.

पोरगा चिडत नव्हता, याचाच त्यांना जास्त राग येत होता. कणाच नाही मेल्याला! वर गोडगोड चौकशा चाललेल्या. उठल्या उठल्या चहा लागतो का, रात्री दिवा चालू ठेवून झोपता की बंद करून, जिने चढताना त्रास होतो का. लोणी लावायलाही काही अक्कल लागते. रानात जिना कुठे बघितलास रे, असं मास्तरांनी विचारलं.

"तसं नाही, बाबा."

"बाबा कोणाला म्हणतोस? अजून काही ठरलेलं नाही."

भिंगवाल्याचे कान लाल झाले. पुढच्या एक-दोन रांगा त्याने नुसती ट्रॉली ढकलली. मग त्याने हळूच ओट्सचं पाकीट ट्रॉलीत ठेवलं. मऊ असतात, दातांना बरं पडेल, असं काहीतरी पुटपुटला.

मास्तरांचं टाळकंच सरकलं. भर दुकानात त्यांनी त्याला झापलं. आपले दात शाबूत आहेत, आपण डोंगर तुडवत होतो तेव्हा हा पाळण्यात होता, आणि घोड्याचा खुराक घोड्याला घाल म्हणाले. काउंटरवरची बाई खाली मान घालून हसली. ट्रॉलीत शेवटी उरलं ते सगळं मास्तरांच्या पसंतीचं. पिशव्या मात्र भिंगवाल्याने उचलल्या. त्याचा उपयोग तेवढाच.

घरी मुलीने पिशव्या ओट्यावर रिकाम्या केल्या. तांदूळ, बटाटे, कांदे, शेंगदाणे, मीठ. एकेक वस्तू तिने हातात घेऊन पाहिली. मग दारात उभ्या असलेल्या भिंगवाल्याकडे पाहिलं.

"आज गर्दी फार होती," तो म्हणाला. "आम्ही पुन्हा एकदा जाऊन येतो ना."

मास्तरांना हसूच आलं. म्हणे पुन्हा एकदा! नापास तो नापास, फेरपरीक्षा कसली?

"यातलं त्याने काय निवडलं, बाबा?" मुलीने विचारलं.

"एकही वस्तू नाही. मी निवडूच दिली नाही." मास्तर खुर्चीत रेलले आणि पाय लांब केले. "हा माणूस चालायचा नाही. याच्या घरात मी एक दिवस काढणार नाही. नकार देऊन टाक."

मुलीचे डोळे भरून आले होते. रडेल दोन दिवस आणि येईल ताळ्यावर, असं मास्तरांना वाटलं. आधीच्या वेळीही आलीच होती.

तिने डोळे पुसले आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, आमचं लग्न मागच्याच महिन्यात झालं," ती म्हणाली. "तुम्हाला आमच्याकडे न्यायचं की नाही, तेवढंच आज ठरायचं होतं."