दहावं मूल

"आपल्या समितीच्या अध्यक्ष सिस्टरच! यात बोलायचं काय?" टेलरताईंनी गळ्यातली टेप काढून मशीनवर टाकली. "हात वर करा गं सगळ्यांनी."

चौदा हात वर गेले. त्या शिवणाच्या खोलीत चौदाच बायका मावत होत्या, त्याही कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून. खुर्ची एकच, ती रिटायर झालेल्या सिस्टरना. सिस्टर "नको गं, नको गं" म्हणत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या. मान कोणाला नको असतो?

त्यातल्या निम्म्या बायकांना लहानपणी सिस्टरनीच टोचलं होतं.

"तू तर मला बघितलं की पलंगाखाली शिरायचीस," सिस्टर एकीला म्हणाल्या. "पाय धरून ओढावं लागायचं."

"आणि तुम्ही म्हणायचात, मुंगी चावेल. कसली मुंगी! दोन दिवस बसायची सोय नसायची."

सगळ्या खदखदून हसल्या. सिस्टरना भरून आलं. काय दिवस होते ते! मंगळवारची सकाळ, व्हरांड्यातलं बाक, बर्फाचा डबा, एकानं भोकाड पसरलं की मागोमाग सगळ्यांचं. लशीच्या एका बाटलीत दहा मुलांचे डोस असायचे. एकदा फोडली की दुपारपर्यंत संपवायची, उरलं ते फेकायचं, आणि फेकलं की वरून विचारणा. म्हणून दहा मुलं जमल्याशिवाय बाटली फोडायचीच नाही, असा शिरस्ता. नऊ जमली की आया गल्ल्या पालथ्या घालायच्या. "दहावं मूल आहे का गं कोणाकडे?" ते सापडलं की जणू लॉटरी लागली! एकही डोस वाया न घालवल्याबद्दल सिस्टरना तीनदा ढाल मिळाली होती. त्या ढाली त्या अजून रोज पुसायच्या.

"आता कामाचं बोलू," टेलरताई म्हणाल्या.

काम सगळ्यांना ठाऊक होतं. वाण्याच्या सुनेचं बाळ गेल्या महिन्यात दोनदा लशीविना परत आलं. सहाच मुलं जमली होती. एक मूल आलं तरी बाटली फोडा, एवढीच या बायकांची मागणी. तसा अर्ज त्यांनी वर दिला होता आणि त्याचं उत्तरही आलं होतं. टेलरताईंनी ते मोठ्यानं वाचलं.

"असा कोणताही नियम अस्तित्वात नाही. आजवर एकही मूल लशीविना परत गेल्याची नोंद नाही."

"नोंद असेल कशी?" वाण्याची सून उसळली. "टोचलं तरच रजिस्टरात नाव. परत पाठवलेल्यांचं नाव कोण लिहितंय?"

"आताच्या सिस्टरना विचारलं मी," गठ्ठ्यावरची एक म्हणाली. "त्या म्हणाल्या, माझी नोकरी घालवता का?"

"म्हणजे पुरावा नाही. बसा बोंबलत." टेलरताईंनी कागदाची घडी घातली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्याच घरातलं बघा ना. दादाला गोवर झाला. ताप उतरला, तो कान घेऊनच."

दादा पलीकडच्या खोलीत इस्त्री करत होता. त्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"आजी मरेपर्यंत आईला बोलत राहिली. पोराला टोचून आणायला वेळ नव्हता, नळावर गप्पा छाटायला होता. आई म्हणायची, मी गेले होते. बाबा जाऊन रजिस्टर बघून आले. नावच नाही. मग कोण मानणार? खरं सांगू? मीही नाही मानलं."

आई कोपऱ्यातच बसली होती. शर्टांना बटणं लावत होती. तिनं मान वर केली नाही. पस्तीस वर्षं ऐकलेलं होतं ते.

सिस्टरनी तिच्याकडे बघितलं. त्या पोराचा गोवर त्यांना माहीत होता. त्याही तेव्हा मान हलवून म्हणाल्या होत्या, या आयांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत. 'मी गेले होते' हे मात्र त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या. आणि मग त्यांना बाकाच्या टोकाला बसलेली एक पोरसवदा बाई आठवली. कडेवर पिवळ्या टोपड्यातलं मूल. एका मंगळवारी सात जमली होती. पुढच्या मंगळवारी पाच. त्याच्या पुढच्या, नऊ. नऊ! मूल कडेवर घेऊन ती उन्हात दहावं शोधायला गेली आणि एक वाजता एकटीच परत आली, तेव्हा सिस्टर डब्याचं झाकण लावत होत्या. "पुढच्या मंगळवारी या हं," त्या म्हणाल्या होत्या. किती गोड बोलल्या होत्या.

आता गप्प बसलं असतं तरी कोणाला कळणार नव्हतं. खुर्ची राहिली असती, माया राहिली असती, नावही राहिलं असतं.

"अर्जात माझं नाव घाल," त्या म्हणाल्या.

"घालतेच आहे की. अध्यक्ष म्हणून—"

"अध्यक्ष नको. पुराव्यात घाल. लिही, मी मुलं परत पाठवली. महिन्यामागून महिने पाठवली. नऊ जमली तरी पाठवली." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "तुझी आई आली होती गं. तीन मंगळवार. खोटं नव्हती बोलत ती. बाटली मीच फोडली नाही."

टेलरताई आईकडे वळल्या. आईनं दातानं दोरा तोडला, शर्ट मांडीवरून बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच वर बघितलं.

"चार मंगळवार, सिस्टर," ती म्हणाली. "पण पहिल्या वेळी तुम्ही रजेवर होता. तो तुमच्या नावावर नका लिहू."