गुरुवारी चार वाजता

"बाबा, तुम्ही सगळ्यांचे पत्ते उघडे टाकलेत," प्राजक्ता म्हणाली.

प्रतापरावांनी चष्मा सारखा केला. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे ते नवे चिटणीस. सकाळी त्यांनी सभेची नोटीस सगळ्या सभासदांना मेल केली होती, आणि दुपारपर्यंत तीन तक्रारी आल्या होत्या. आमचा पत्ता गावभर कशाला वाटलात? म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली होती. ती घरून कंपनीचं काम करायची.

तिनं खुर्ची ओढली. "हे बघा. 'टू'मध्ये ज्याला पत्र लिहायचं तो. 'सीसी'मध्ये ज्यांना नुसती प्रत द्यायची ते. ही नावं सगळ्यांना दिसतात. आणि ही 'बीसीसी', म्हणजे ब्लाइंड कॉपी. इथे शंभर जण घाला, एकाला दुसऱ्याचं नाव दिसत नाही. प्रत्येकाला वाटतं, मेल आपल्या एकट्यालाच आलाय."

प्रतापराव खुर्चीत पुढे सरकले.

"आलेल्या मेलवरून कळतं का? की तो असा पाठवलेला आहे?"

"कळतं ना. 'टू'मध्ये आपलं नावच नसतं. तिथे कुणीतरी भलताच असतो, नाहीतर पाठवणारा स्वतःच."

ती चहा ठेवायला आत गेली. प्रतापरावांनी दार लोटून घेतलं आणि चौदा महिन्यांपूर्वीचा एक मेल उघडला. तो त्यांना शोधावा लागला नाही.

'गुरुवारी चार वाजता घरी ये. एक गोष्ट सांगायची आहे. फोनवर बोलण्यासारखी नाही. दत्तोबा.'

काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात दोघं तीस वर्षं समोरासमोर बसले होते. पण मेल आला तेव्हा दोन महिने त्यांच्यात बोलणं नव्हतं. चिटणीसपदाचा विषय निघाला तेव्हा दत्तोबा चारचौघांत हसत म्हणाला होता, "प्रतापला नाही जमायचं हे." ते हसणं प्रतापरावांना लागलं होतं. एवढी गरज असेल तर फोन करील, असं त्यांनी ठरवलं. फोन आला नाही. त्या गुरुवारी चार वाजता ते घरात टीव्हीसमोर बसून होते. कुठली मॅच चालली होती तेही त्यांना नंतर आठवलं नाही.

शुक्रवारी पहाटे दत्तोबा झोपेतच गेला.

काय सांगायचं होतं त्याला? आजार होता? कुणाची भीती होती? की नुसतं म्हणायचं होतं, प्रताप, चुकलं माझं?

तेव्हापासून गुरुवारी चार वाजले की प्रतापरावांना घरात बसवेना. चपला घालून ते स्टेशनवर जात आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहत. कधी मागून अगदी ओळखीचा खाकरा ऐकू यायचा. वळून बघितलं तर पिशव्या सांभाळत बसलेला कुणी परका माणूस असायचा. एकदा त्यांनी अशाच एकाला "दत्तू" म्हणून हाक मारली होती. घरी जयवंताबाईंना यातलं काही त्यांनी सांगितलं नव्हतं. बायकोला तरी काय सांगणार? मित्रानं एकट्या मला बोलावलं आणि मी गेलो नाही?

आता त्यांनी मेलच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'टू'मध्ये दत्तोबाचा स्वतःचाच पत्ता होता.

म्हणजे हा मेल आपल्या एकट्याला नव्हता. मग त्यांनी एकनाथरावांना फोन लावला. पार्सल ऑफिसातले सहा जण अजून महिन्यातून एकदा इराण्याकडे चहाला जमत. तिथे दत्तोबाचं नाव निघालं की सगळे गप्प व्हायचे, एकमेकांकडे बघायचे, आणि एकनाथराव घाईघाईनं पावसापाण्याचं काढायचे.

"एकनाथ, दत्तोबाचा तो मेल तुलाही आला होता?"

एकनाथरावांनी आधी टीव्हीचा आवाज बंद केला.

"हौ, आला होता," एकनाथराव म्हणाले. "जाने दो प्रताप. आता कायकू?"

फोन ठेवला गेला.

म्हणजे हे सगळे तेच ओझं घेऊन बसले होते! प्रतापरावांना चौदा महिन्यांत पहिल्यांदा छातीभर श्वास घेता आला. आपल्याला बरं वाटतंय याची त्यांना लाज वाटली, तरी बरं वाटलंच. चहा न घेताच ते बाहेर पडले आणि रिक्षा करून हिमायतनगरला गेले.

दत्तोबाची मुलगी त्रिवेणी त्याच घरात राहत होती. "या ना काका, किती दिवसांनी!" ती म्हणाली. तेराव्यानंतर त्यांनी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

"बाबांचा शेवटचा मेल बघायचाय मला. त्यांनी कुणाकुणाला पाठवला ते."

तिनं एकही प्रश्न न विचारता वडिलांचा लॅपटॉप आणून पाठवलेले मेल उघडले. ब्लाइंड कॉपीच्या रकान्यात सहा नावं होती. एकनाथराव, विजय, चहाला जमणारे बाकीचे तिघे आणि सर्वांत वर ते स्वतः.

प्रतापरावांचे डोळे भरून आले. "माफ कर पोरी. सहा जणांना बोलावलं त्यानं, आणि आम्ही सहाही करंटे निघालो. एकालासुद्धा त्या दिवशी..."

त्रिवेणीनं हलकेच लॅपटॉप मिटला.

"काका, तुम्हाला कुणीच सांगितलं नाही? पाची जण आले होते. चार वाजता इथेच बसले होते. पण बाबा म्हणाले, प्रताप आल्याशिवाय मी सांगणार नाही. मी फोन करते म्हटलं तर नक्को म्हणाले, येईल तो. साडेसातपर्यंत सगळे तुमची वाट बघत बसले, आणि मग काही न ऐकताच उठून गेले."