तांबडी पेन्सिल

चटईवर नकाशा पसरून पिराजी मोरे सकाळपासून बसला होता आणि हातातली तांबडी पेन्सिल काही केल्या कागदाला टेकत नव्हती.

कोल्हापुरात कोण कुठं राहतं आणि तिथंच का राहतं, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. आठ महिने उन्हातान्हात गल्ल्या पालथ्या घालून त्यानं अठराशे घरांना रंग दिला होता. सवर्णांची घरं पिवळी, ज्यांचा विटाळ मानतात त्यांची तांबडी. गावाच्या पोटात सगळं पिवळं, तांबडं फक्त कडेला. प्रबंधाचे मार्गदर्शक, पुण्याचे सर, उद्या नकाशा बघायला येणार होते. त्यांचा नियम एकच, दारात जाऊन विचारल्याशिवाय रंग भरायचा नाही.

आणि अडलं होतं ते शुक्रवार पेठेतल्या एकाच घरापाशी. त्याच घराच्या माडीवर तो स्वतः राहत होता. मालकीण झुंबरबाई, पलटणीतल्या हवालदाराची विधवा. गल्ली सगळी पिवळी, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यानं न विचारताच हेही पिवळं करून टाकलं होतं. पण माडीवरचा भाडेकरू गडहिंग्लजकडच्या महारवाड्यात वाढलेला, त्याचं काय? इथं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोरे म्हटल्यावर मराठा समजून पुढं कुणी खोदलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आधी सांगून बघितलं होतं की! अकरा दारं तोंडावर बंद झाली होती.

खरं लिहावं तर खोली जाणार, आणि शनिवारच्या एसटीनं त्याची बायको बना तीन महिन्यांचं बाळ घेऊन येणार होती. त्यांना काय रस्त्यावर बसवायचं? खोटं लिहावं, तर आठ महिन्यांची पायपीट चुलीत घालायच्या लायकीची.

बरं, म्हातारीला संशय आलाय याची त्याला खात्रीच होती. पहिल्या दिवशी नवा तांब्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवून तिनं बजावलं होतं, "तुमचं पानी तुमीच भरायचं. तुमचं भांडं माज्या भांड्यात मिसळायचं न्हाई." जिन्यावर गाठ पडली की पदर आवळून भिंतीला चिकटायची. दिवाळीला करंजी नाही की लाडू नाही. सुपात कोरडा रवा आणि गूळ ठेवून म्हणाली, "तुमचं तुमी करून घ्या." त्याचं अंग नुसतं पेटलं होतं. एवढं असून तिनं अजून हाकललं कसं नाही, तेवढंच त्याला कळत नव्हतं.

चार वेळा उठला, चार वेळा बसला. शेवटी नकाशा गुंडाळून तडक खाली उतरला. झुंबरबाई सोप्यात तांदूळ निवडत होती. त्याला बघताच ती सूप घेऊन मागं सरकली.

"आक्का, एक सांगायचंय. मी महार हाय." त्यानं गुंडाळलेला नकाशा पुढं केला. "ह्या कागदावर घरांना जातीचा रंग भरायचाय, खोटा भरवत न्हाई. लपवलं ते चुकलं माझं. पण बायको येतीया शनवारी, कडेवर लेकरू हाय. पंधरा दिवस द्या, तवर दुसरीकडं बघतो."

सुपातला हात तसाच थांबला. मग ती उठली आणि रस्त्याकडचं दार तिनं लावून घेतलं. आता आपली काही खैर नाही, असं पिराजीला वाटलं.

"त्या कागदावर माजं घर कंच्या रंगात हाय?" तिनं विचारलं.

"पिवळ्या."

"आन तुमच्या लोकांची?"

"तांबड्या."

"मग हे तांबडं करा."

"नको आक्का. माझ्यापायी तुमच्या घराला बोल नको. मी जातो की."

"तुमच्यापायी न्हवं." तिनं आपल्या घागरीतून तांब्या बुडवून घेतला आणि आज पहिल्यांदाच तो त्याच्या हातात दिला. "आमचं मालक हितं ऱ्हायला आलं, तवापास्नं हे घर तांबडंच हाय. माज्या हातचं पिऊन मराठ्याचं पोर बाटाय नको, म्हनून आठ म्हयनं तुमास्नी घोटभर पानी दिलं न्हाई."